कामाच्या मेजावर सुताराचा शेगडा बसविणे

सुतारकामाच्या तासाला एक मूल फळी दोन्ही हातांनी दाबून धरते, दुसरे करवत चालविते आणि शिक्षक जवळ उभे राहून "हात सांभाळा" असे वारंवार बजावीत राहतात. फळी हलते, करवत खाचेतून उडते, आखलेली रेघ एकीकडे आणि काप दुसरीकडे जातो. एखादे दिवशी ती करवत धरणाऱ्याच्या बोटावर येते. मग हत्यारे कपाटात जातात आणि त्या तासाला कागदकाम सुरू होते. अशा वेळी मुलांच्या हाताला वळण नाही असे म्हटले जाते. परंतु जे लाकूड स्थिर नाही त्यावर अनुभवी सुताराचाही हात सरळ चालणार नाही. उणीव असते ती लाकूड घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाची.

हे साधन म्हणजे शेगडा. कारखान्यात तो व्हाइस या नावाने सर्वांस परिचित आहे. बाजारात त्याचे दोन प्रकार दिसतात व त्यांची गल्लत झाली तर खर्च वाया जातो. मेजाच्या पाठीवर उभा राहणारा, दातेरी जबड्यांचा शेगडा हा लोखंड कानशीने घासणाऱ्या जोडाऱ्याचा होय. त्यात लाकूड धरले तर दातांचे व्रण उठतात आणि पकड मेजाच्या वर बरीच उंच असल्यामुळे रंधा नीट मारता येत नाही. सुताराचा शेगडा मेजाच्या पुढील कडेला, पृष्ठभागाच्या खाली बसतो. त्याचा एक जबडा स्थिर व दुसरा पुढेमागे सरकणारा असतो. मधून मळसूत्राचा दांडा व त्याच्या दोन्ही अंगांस वाट दाखविणारे दोन गुळगुळीत गज जातात. स्थिर जबड्याच्या मागे आडवी बैठक असून तिला बोल्टांसाठी भोके पाडलेली असतात. शाळेच्या कामाला सहा ते सात इंच रुंद जबड्याचा, बिडाचा साधा शेगडा पुरेसा आहे.

गावचा सुतार पिढ्यान्‌पिढ्या शेगड्यावाचूनच नांगर, कुळव, पाभर व बैलगाडी घडवीत आला, मग शाळेलाच त्याची गरज का, असा प्रश्न विचारला जातो. तो रास्त आहे. जमिनीवर बसून काम करणाऱ्या त्या कारागिराची दोन पावले हाच त्याचा शेगडा असतो. टाचेखाली आणि अंगठ्याजवळ लाकूड दाबून तो बोटभर अंतरावरून तासणी चालवितो. ही विद्या लहानपणापासून रोज घडलेल्या सरावाची आहे. आठवड्यातून एखादा तास मिळणाऱ्या मुलाने तिचे अनुकरण करू नये व शिक्षकानेही ते करू देऊ नये.

शाळेत हातकामाला स्थान असावे हा विचार जुना आहे. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांच्या प्रयत्नाने १८६६ मध्येच प्राथमिक शाळांत हस्तव्यवसाय आवश्यक झाला. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेने उद्योगाच्या द्वारे शिक्षण हे सूत्र मांडले. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला आणि ग्रामीण मुले प्रत्यक्ष कामातून तंत्र शिकू शकतात हे दाखवून दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना ज्या व्यवसायांचा परिचय करून द्यावयाचा त्यांत सुतारकामाचा नामनिर्देश आहे. धोरणे बदलत जातात. फळी मात्र प्रत्येक काळात कशात तरी धरावीच लागते.

शेगडा विकत मिळतो, परंतु मेज शाळेतच तयार करावे हे उत्तम, आणि मोशीच्या परिसरातील शाळांना त्यासाठी लाकडाची वाण पडण्याचे कारण नाही. मोशी हे इंद्रायणीकाठचे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. पुणे-नाशिक रस्त्याने पूल ओलांडला की खेड तालुका लागतो. चिंबळी, कुरुळी आणि पुढे चाकणची औद्योगिक वसाहत. एका अंगास भोसरी व दुसऱ्या अंगास चाकण अशा या पट्ट्यात यंत्रे व सुटे भाग लाकडी खोक्यांतून आणि चौकटींवरून येतात. ती खोकी रिकामी झाली की त्यांचे लाकूड भंगाराच्या भावाने विकले जाते. त्यात बहुतांशी पाइनच्या फळ्या असतात. त्या सुमारे २० मिलिमीटर जाडीच्या असल्या तरी खालचे आडवे ठोकळे चांगले जाड असतात व मेजाच्या पायांना उपयोगी पडतात.

मात्र हे लाकूड डोळसपणे घ्यावे. परदेशी प्रवास करणाऱ्या खोक्यावर गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह व त्याशेजारी काही इंग्रजी अक्षरे उमटविलेली असतात. त्यांत 'एच टी' ही अक्षरे असतील तर ते लाकूड उष्णतेने कीडमुक्त केलेले आहे. त्याचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापविलेला असतो. 'एम बी' ही अक्षरे असतील तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. असे लाकूड, तसेच तेलाचे वा रसायनाचे डाग पडलेले लाकूड मुलांच्या कामासाठी स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. घेतलेल्या प्रत्येक फळीतील खिळे अंबुराने उपटून काढावेत. पोटात मोडून राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याची धार क्षणात घालवितो.

शाळेतील मोडक्या बाकांचे लाकूडही चांगले असते. पण येथे एक सावधगिरी हवी. जडवस्तू संग्रह नोंदवहीत ज्याची नोंद आहे ते बाक, मोडके असले तरी, रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय कापता येत नाही. आधी कापून मागाहून कागद जुळविणाऱ्या मुख्याध्यापकांना तपासणीच्या वेळी मेजाचे कौतुक ऐकावयास मिळत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय ठेवावा, मंजुरी घ्यावी, मग करवत लावावी.

मेज सुमारे १२०० मिलिमीटर लांब व ५०० ते ६०० मिलिमीटर रुंद असावे. फळ्यांचे दोन थर एकमेकांवर सरसाने चिकटवून व स्क्रूंनी आवळून ४० मिलिमीटर जाडीचा माथा तयार होतो. उंचीसाठी फूटपट्टीपेक्षा मुलाचे शरीर हे अधिक खरे माप होय. मूल ताठ उभे राहून त्याने हात खाली सोडला असता जेथे मनगट येते, साधारण तेवढे उंच मेज त्याला सोयीचे. वर्गात उंची सारखी नसते. म्हणून मेज उंच मुलांच्या मापाचे करावे व बुटक्यांसाठी पायाखाली रुंद, न डगमगणारी फळी ठेवावी. मेज हलके असेल तर रंध्याच्या प्रत्येक झटक्याबरोबर तेच चालू लागेल. पायांच्या खालच्या भागात आडव्या पट्ट्या मारून त्यांवर फळी टाकावी व तीवर दगड किंवा विटा रचाव्यात. वजनासारखा फुकटचा मदतनीस दुसरा नाही.

आता शेगड्याकडे वळू या. दुकानातून आणलेल्या स्वस्त शेगड्याच्या कडांवर ओतकामाचे खरबरीत कंगोरे असतात. ते प्रथम कानशीने घासून काढावेत, नाही तर लाकडापूर्वी हातच सोलवटतात. गंजू नये म्हणून लावलेले जाड वंगण रॉकेलच्या फडक्याने पुसावे, दांडा पूर्ण उघडून व मिटवून पाहावा आणि बैठकीखालची पातळी सरळ पट्टी लावून तपासावी. ही शेवटची तपासणी महत्त्वाची आहे. बीड हे ताठर परंतु ठिसूळ असते. वाकड्या लाकडावर बिडाची बैठक ठेवून बोल्ट जोराने आवळले की लाकूड वाकण्याऐवजी बैठकीचा कान तडकतो, आणि दोष "स्वस्त मालाला" दिला जातो. स्वस्त शेगड्याविषयीच्या बहुतेक तक्रारी वस्तुतः तो बसविण्याच्या तक्रारी असतात.

जागा कोणती? उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी मेजाच्या पुढील कडेचे डावे टोक, आणि तेही पायाच्या शक्य तितके जवळ. पायाजवळ असल्यास ठोक्याचा भार सरळ जमिनीत उतरतो, आणि डाव्या टोकाला असल्यास लांब फळी उजवीकडे मेजाच्या कडेला टेकून राहते. परंतु शेगड्याचे गज व दांडा मागे सरकताना पायाला किंवा आडव्या पट्टीला अडणार नाहीत हे आधी पाहावे. शेगडा बसवून झाल्यावर हे लक्षात आल्याची उदाहरणे अनेक आहेत.

यानंतरचा प्रश्न उंचीचा. लोखंडी जबड्याची वरची कडा मेजाच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे १२ मिलिमीटर खाली असली पाहिजे. ती वर आली तर रंध्याचे पाते आणि पटाशी लोखंडावर आदळतात. शेगड्याची बैठक व मेजाचा माथा यांच्यामध्ये ठोकळा घालून ही उंची साधावयाची असते. ठोकळ्याची जाडी काढणे हे सातवीच्या मुलांना सहज जमणारे गणित आहे. समजा, बैठकीपासून जबड्याच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर ७५ मिलिमीटर भरले. त्यात १२ मिळविले की ८७ झाले. म्हणजे बैठक मेजाच्या पृष्ठभागापासून ८७ मिलिमीटर खाली हवी. माथ्याची जाडी ४० आहे. ती वजा जाता ४७ उरतात. ठोकळा ४७ मिलिमीटर जाडीचा. मुलांनी आपल्याच शेगड्याची मापे घेऊन हे उत्तर काढावे. हे उत्तर चुकले तर वहीत लाल खूण होत नाही, जबडा वर येतो. आणि ती चूक मुले दुसऱ्यांदा करीत नाहीत.

ठोकळा बाभळीचा किंवा अन्य कठीण लाकडाचा असावा व त्याचे दोन्ही पृष्ठभाग रंधून समपातळीत आणावेत. बसविताना मेज उलटे करून जमिनीवर ठेवावे. अंधारात वर पाहत, जड शेगडा एका हाताने तोलून खुणा करण्याचे श्रम वाचतात. ठोकळा जागेवर ठेवावा, त्यावर शेगडा उलटा ठेवावा, स्थिर जबड्याची पाठ मेजाच्या कडेला सर्वत्र टेकली आहे असे पाहावे आणि बैठकीच्या भोकांतून पेन्सिलीने खुणा कराव्यात.

येथे लाकडी स्क्रू वापरण्याचा मोह होतो, कारण ते सोपे व स्वस्त असतात. पाइनसारख्या मऊ लाकडात स्क्रूचे आटे रोजच्या हिसक्यांनी हळूहळू तंतू फाडतात आणि काही महिन्यांत शेगडा लोंबू लागतो. आरपार जाणारे बोल्ट मात्र लाकूड दोन्ही बाजूंनी दाबून धरतात व सैल झाले तरी पुन्हा आवळता येतात. म्हणून काटकसर करावयाची असेल तर ती अन्यत्र करावी, बोल्टांत करू नये. भोकात बसतील असे, बहुधा १० मिलिमीटर व्यासाचे, चार बोल्ट आणि डोके व नट या दोहोंखाली रुंद वॉशर घ्यावेत.

बोल्टाचे डोके मेजाच्या पृष्ठभागाखाली बुडवावे लागते व त्यासाठी भोकांचा क्रम सांभाळावा लागतो. उलट्या मेजावर केलेल्या खुणांतून आधी ३ मिलिमीटरचे बारीक छिद्र आरपार पाडावे. गुण्या शेजारी उभा धरला की ड्रिल तिरपे जात नाही. मग मेज सुलटे करावे. वर दिसणाऱ्या छिद्रांच्या मध्यावर वॉशर मावेल एवढ्या रुंदीची, १२ मिलिमीटर खोल खळगी पाडावी, आणि त्यानंतरच ११ मिलिमीटरचे मुख्य भोक पाडावे. मोठे भोक आधी पाडले तर खळगीच्या पात्याला मध्यभागी टेकण्यास लाकूडच उरत नाही व ते भरकटते. खळगीखाली माथ्याचे २८, ठोकळ्याचे ४७, बैठकीचे सुमारे १०, आणि दोन वॉशर व नट यांचे १२, अशी बेरीज ९७ होते. १०० मिलिमीटर लांबीचा बोल्ट चालेल. नट एकदम पूर्ण न आवळता समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळावेत, म्हणजे बिडावर एकांगी ताण येत नाही. वरच्या खळग्या लाकडी बुचांनी बंद करून रंध्याने सपाट कराव्यात.

एवढ्यावर शेगडा बसला असे वाटते, पण काम अर्धेच झालेले असते. स्थिर जबडा मेजाच्या कडेपुढे त्याच्या जाडीइतका बाहेर आलेला असतो. अशा शेगड्यात लांब फळी धरली तर ती जबड्याला टेकते, मेजाला टेकत नाही. तिचे दुसरे टोक हवेत राहते व रंधा मारताना थरथरते. यासाठी मेजाच्या पूर्ण लांबीएवढी, सुमारे ३५ मिलिमीटर जाड अशी कठीण लाकडाची पट्टी पुढील कडेवर बसवावी. जबडा १५ मिलिमीटर जाड असेल तर पट्टीच्या मागील अंगास तेथे तेवढीच खोल खाच घ्यावी व गज आणि दांडा यांना वाट द्यावी. आता लोखंड पूर्ण झाकले गेले आणि त्याच्यापुढे २० मिलिमीटर लाकूड आले. मेजाची सर्व कडा व स्थिर जबडा एका रेषेत आले. सरळ पट्टी लावून पाहावे. मधून उजेड दिसता कामा नये.

सरकत्या जबड्यालाही २० मिलिमीटर जाडीची लाकडी फळी हवी. ती जबड्यापेक्षा थोडी लांब, तंतू आडवे असलेली आणि मेजाच्या पृष्ठभागाशी समपातळीत असावी. जबड्याला असलेल्या भोकांतून मागील बाजूने स्क्रू घालावेत, म्हणजे समोर लोखंड येत नाही.

स्वस्त शेगड्याचा खरा दोष एकच, आणि तो या फळीने दूर होतो. मळसूत्राचा दांडा खाली असतो व लाकूड त्याच्या वर धरले जाते. आवळताना गजांतील सैलपणामुळे जबड्याचा वरचा भाग मागे झुकतो आणि पकड खालीच राहते. हे टाळण्यासाठी पुढील फळी तळाकडे एक ते दीड मिलिमीटर पातळ होईल अशी रंधून घ्यावी. त्यायोगे जबडे प्रथम वरच्या कडेला मिळतात व आवळता आवळता पूर्ण बसतात. परीक्षा कागदाच्या कपट्याने करावी. एक कपटा जबड्यांच्या वरच्या भागात व एक तळाशी ठेवून हलकेच आवळावे. वरचा ओढून निघू नये, खालचा निघावा. वरचा निघाला तर फळी पुन्हा रंध्याखाली घ्यावी.

मुलांना वापर शिकविताना दोन गोष्टींकडे बारकाईने पाहावे. लहान लाकूड जबड्याच्या एका टोकाला धरले की जबडा तिरपा होतो आणि गज वाकण्याची भीती असते. अशा वेळी दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घालावा. असे पाचसहा जाडींचे तुकडे दोरीत ओवून मेजालाच टांगून ठेवले तर मुले ते आपणहून वापरतात. दुसरे असे की मूठ हाताने आवळेल तेवढीच आवळावयाची. तिच्यावर हातोडा मारणे किंवा नळी घालून जोर लावणे सर्वथा वर्ज्य समजावे; बीड वाकून इशारा देत नाही, एकदम तुटते. मुठीचा आडवा दांडा सुटून खाली घसरतो तेव्हा त्याच्या गोळ्याखाली लहान हाताची कातडी चिमटते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे कडे दांड्याच्या दोन्ही टोकांत घातले की हा चिमटा बसत नाही. काम संपल्यावर जबडे जवळ आणून मूठ उभी लोंबती ठेवावी, म्हणजे जाता-येता कोणाच्या मांडीला लागत नाही.

शेगड्यासाठी अनुदान मिळेपर्यंत काम थांबविण्याचेही कारण नाही. मेजाच्या माथ्यावर एक पट्टी थोडी तिरपी ठोकावी व तिच्यासमोर दुसरी सरळ ठोकावी. दोहोंच्या निमुळत्या जागेत फळी ठेवून बाजूला पाचर सारली की ती रंध्याला पुरेशी पकडली जाते. उभी फळी मात्र यात धरता येत नाही, आणि सांधे कापण्याचे काम शेगड्यावाचून अडतेच.

निगा थोडी, पण नियमित हवी. गजांना पातळ तेलाचा हात पुरे. मळसूत्रावर तेल ओतले तर भुसा चिकटून त्याचा लगदा होतो, म्हणून तेथे मेण घासावे. पावसाळ्यात शनिवारच्या सफाईबरोबर तेलाचे फडके फिरवावे. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी जबडे किंचित सैल ठेवावेत. त्या दोन महिन्यांत खोक्याचे लाकूड सुकून आकसते व बोल्ट ढिले पडतात. शाळा उघडल्यावर पहिल्या सुतारकामाच्या तासापूर्वी पाना घेऊन चारही नट तपासावेत व लागेल तेवढे आवळावेत.